लांडोरीच्या बाजूने

खरा मोर डोळ्यांनी पाहण्याच्या कितीतरी आधी आपण मोराचे चित्र पाहिलेले असते. सरस्वतीच्या तसबिरीत तो तिच्या पायाशी उभा असतो, आजीच्या पैठणीच्या पदरावर विणलेला असतो, पहाटे दारात येणाऱ्या वासुदेवाच्या टोपीत त्याची पिसे असतात आणि किराणा दुकानातल्या कॅलेंडरावर तर तो बारा महिने पिसारा फुलवून उभा असतो. १९६३ साली मोर आपला राष्ट्रीय पक्षी ठरला खरा, पण त्याआधी कित्येक शतके तो आपल्या घरातलाच झालेला होता. इतक्या ओळखीच्या प्राण्याचा फोटो काढण्यासाठी कुणी चिखलात आठ-आठ दिवस बसू लागले, तर त्या माणसाला लोकांनी वेडे म्हणणे साहजिकच आहे. मला तसे म्हणणारे पुष्कळ भेटले.

परंतु वाचकहो, ही सारी चित्रे एकदा नीट आठवून पाहा. त्यांत मोर बहुधा एकटाच असतो. तोंड आपल्याकडे, पिसारा आपल्याकडे. जणू हा सारा थाट त्याने आपल्यासाठीच मांडला आहे. ज्या रानात तो नाचला, ज्या दिवसांत नाचला, ज्या कुणासाठी नाचला, ते सारे कात्रीने कापून बाजूला टाकलेले असते.

भाषेनेही थोडेफार हेच केले आहे. मोराच्या मादीला आपण लांडोर म्हणतो. ‘लांडी’ हा शब्द त्यात सरळ ऐकू येतो. तिच्याजवळ काय आहे यावरून नव्हे, तर काय नाही यावरून तिचे नाव पडले! वर मोर नाचला म्हणून लांडोरही नाचू लागली, असे म्हणून नक्कल करणाऱ्याला आपण हिणवतो. रानात मात्र सगळा प्रकार या म्हणीच्या उलट आहे. तिथे लांडोर असते म्हणून मोर नाचतो. तिने पाहावे, तिने थांबावे, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

ही उलटी म्हण मला कळू लागली ती कॅमेऱ्यामुळे, आणि कॅमेरा माझ्या हाती आला तो मामामुळे. मामाचा तालुक्याच्या गावी लहानसा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत त्याला माणूस कमी पडे, म्हणून अकरावीत असल्यापासून मी त्याच्याबरोबर जाऊ लागले. प्रथम नुसता फ्लॅश धरायचा, मग हळूहळू कॅमेरा. मामाने छायाचित्रणावरचे पुस्तक कधी उघडलेले नाही. पण त्याचे एक सूत्र आहे. “अक्षता पडताना नवरा-नवरीकडं समदेच बघत्यात. तू नवरीच्या आईकडं बघ.” याचा प्रत्यय मी अनेकदा घेतला आहे. आल्बम पाहायला बायका जमल्या की हारतुरे, आहेर, पंगती भराभर उलटल्या जातात. पाठवणीच्या वेळी चौकट धरून उभा राहिलेला नवरीचा बाप दिसला की बोट थांबते. मग कुणीतरी म्हणते, “त्या दिवशी जेवले नव्हते बघ ते.” गोष्ट सुरू होते. गोष्ट सांगणारे छायाचित्र कशाला म्हणावे, हे मी पुढे पुस्तकांतूनही वाचले. त्यात मामाच्या सूत्रापलीकडचे फारसे काही नव्हते.

रानातल्या छायाचित्रणालाही हे सूत्र लागू आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचा एक इंग्रज वनाधिकारी १९२० नंतरच्या दशकात संयुक्त प्रांतातल्या जंगलवाटांवर तार बांधून ठेवी. वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश उडे आणि वाघ स्वतःच स्वतःचा फोटो काढून निघून जाई. १९२७ साली त्याचे पुस्तक निघाले. ज्या काळी वाघाची प्रत्येक गोष्ट बंदुकीच्या बाराने संपत असे, त्या काळी कुणीही मारत नसताना वाघ रात्री कुठे जातो, कसा चालतो, हे त्याने दाखवले. आपल्याकडे मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात नोकरी करता करता हेच काम शब्दांनी केले. प्राण्याचे रूप सगळ्यांनाच दिसते. या मंडळींनी त्याचा संसार दाखवला.

मोराचा संसार पाहायला मला लांब जावे लागले नाही. बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. १९९४ साली ते जाहीर झाले. क्षेत्र सुमारे तीस चौरस किलोमीटर. बालाघाटच्या रांगांतले हे कोरडे, खुरटे रान. बोरी, बाभळी, हिवर, तरवड, आणि मध्ये मध्ये उघडे माळ. कुणी हिरव्यागार अरण्याची कल्पना करून आला तर त्याची निराशाच व्हायची. मोराला मात्र असेच रान मानवते. या रानालगतच्या एका वाडीत माझी आत्या राहते. राहते म्हणजे पावसाळ्यात राहते. दसरा झाला की आमच्या भागातल्या हजारो लोकांप्रमाणे आत्या आणि तिचे यजमान ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायची असते. परत यायचे ते पाडव्याच्या आगेमागे. वर्षाकाठी स्वतःच्या घरात, स्वतःच्या रानात राहायचे म्हणाल तर पावसाळा आणि त्याच्या मागचे-पुढचे थोडे दिवस, एवढेच.

गंमत अशी की मोराच्या वैभवाचेही हेच दिवस. ज्याला आपण मोराची शेपटी म्हणतो ती शेपटी नव्हेच. पाठीच्या खालच्या भागावर उगवलेली ही दीड-दोनशे लांब पिसे असतात. खरी शेपटी आखूड, तपकिरी आणि ताठ. ती मागे टेकूसारखी उभी राहते आणि पिसारा तोलून धरते. पावसाळा सरताना ही लांब पिसे एकेक करून गळतात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा वाढतात. शिवाय तो निळा-हिरवा रंग हाही कुठल्या रंगद्रव्याचा नव्हे. पिसाची सूक्ष्म रचनाच अशी असते की प्रकाशातला तेवढा भाग ती परत फेकते. १६६५ साली रॉबर्ट हुक याने सूक्ष्मदर्शकाखाली मोराचे पीस ठेवले, तेव्हा पाण्याने भिजवल्यावर त्यातले ते रंग नाहीसे होतात, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. म्हणूनच मुसळधार पावसात नाचणाऱ्या मोराचे चित्र कवींनी कितीही रंगवले, तरी भिजलेल्या पिसाऱ्यात ती शोभा उरत नाही. ढग पाहून त्याला आनंद होतो, असे आपण म्हणतो. ढगांपेक्षा महत्त्वाचे असे की हा त्यांचा विणीचा हंगाम असतो. पावसानंतर किडे-मुंग्या आणि कोवळे दाणे मुबलक होतात, तेव्हा पिलांच्या पोटाची सोय होते.

गेल्या जुलैत मी आत्याकडे जाऊन राहिले. मोर नाचायला रोज नवी जागा शोधत नाही; त्याची ठरलेली जागा असते. आत्याच्या बांधापलीकडे, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, अशी एक जागा होती. मी अंगावर पोत्याची खोळ घेऊन एका बोरीखाली बसू लागले. धान्य टाकून मोराला जवळ बोलवावे, असा सल्ला मला दोघा-तिघांनी दिला. पण टाकलेल्या दाण्यापाशी जी गोष्ट घडते ती दाण्याची असते, मोराची नव्हे. म्हणून बसून राहिले. कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवलेला, लांडोरीच्या डोळ्यांच्या उंचीवर. भिंगावर प्लॅस्टिकची पिशवी. पहिले पाच दिवस मोर दिसला, ओरडला, निघून गेला. सहाव्या दिवशी पाऊस उघडला आणि दोन लांडोरी माझ्या पुढ्यातून चरत चरत त्या जागेकडे गेल्या.

मोराने पिसारा उभारला, आणि आधी चक्क पाठ केली! कॅलेंडरावर ही बाजू कधी छापत नाहीत. लग्नाच्या मांडवाची मागची बाजू पाहिली आहे का? समोरून झालर आणि मागून बांबू, सुतळ्या, गाठी. तसेच हे. तपकिरी टेकू, पांढुरका भुरा कापूस आणि थरथरणारे तांबूस पंख. लांडोर जवळ आली तसा तो हळूच वळला आणि त्याने सगळा पिसारा एकदम कंप पावू दिला. वाळल्या पानांवर सर आल्यासारखा आवाज झाला. मी १/५०० सेकंदावर फोटो घेतले, त्यांत पिसन् पीस स्वच्छ आले. १/६० वर घेतले, त्यांत पिसाऱ्याचा धूर झाला. डोळे मात्र त्या धुरात जागच्या जागी राहिले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात याचा उलगडा आहे. मोर पिसे सेकंदाला सुमारे पंचवीस वेळा हलवतो, पण पिसावरचे डोळे जवळजवळ स्थिर राहतील अशी त्यांची घडण असते.

आणि लांडोरी? त्या दाणे टिपत होत्या. एवढा सोहळा पुढ्यात चाललेला असताना त्यांनी मान खाली घालून किडे वेचावेत याचे मला प्रथम हसू आले. परंतु तिचे न पाहणे हे खरोखर न पाहणे असते का? २०१३ साली काही संशोधकांनी लांडोरींच्या डोक्यावर छोटे कॅमेरे बसवून त्यांची नजर कुठे जाते हे मोजले. ती प्रामुख्याने पिसाऱ्याच्या खालच्या भागावर जाते, असे आढळले. ज्या वरच्या कमानीवर आपण भाळतो, तिच्याकडे जवळून ती फारशी बघतच नाही. म्हणजे आपण मोराचे चित्र काढतो ते आपल्या नजरेने. तिच्या नजरेचे चित्र अगदी निराळे आहे.

तिला नजर आहे, तिला निवड आहे, हे माणसाच्या गळी उतरायलाही पुष्कळ वर्षे लागली. डार्विनला मोराचे पीस पाहिले की त्रास होई, असे त्याने १८६० साली एका पत्रात लिहिले होते. जगण्याच्या धडपडीत इतके अवजड ओझे कशासाठी, याचे उत्तर त्याला सापडत नव्हते. १८७१ च्या ग्रंथात त्याने ते दिले: माद्या निवड करतात म्हणून. हे पुष्कळ विद्वानांना रुचले नाही. त्याचा सहप्रवासी वॉलेस यालाही नाही. आपल्याकडे तर मोर ब्रह्मचारी असून त्याचे अश्रू पिऊन लांडोरीला गर्भ राहतो, ही समजूत अजून आहे. २०१७ साली राजस्थान उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी ती जाहीरपणे सांगितली होती. त्या कथेतदेखील लांडोरीच्या वाट्याला काय आले? आसवे टिपणे!

त्या दिवशीचा एक फोटो मी निवडला. त्यात लांडोरीची पाठ आणि वळलेली मान अगदी जवळ आहे, स्वच्छ आहे. तिच्यापलीकडे मोर म्हणजे निळ्या-हिरव्या रंगाचे एक धुके आहे.

मोराची गोष्ट इथे संपते. नाच झाला की त्याचा संसाराशी संबंध उरत नाही. अंडी लांडोर घालते, ती उबवते, पिले तीच वाढवते. हे पुस्तकात वाचले होते. आत्याच्या रानात ते निराळ्या तऱ्हेने समोर आले.

मोर हा पाहायला जितका सुंदर तितकाच शेतकऱ्याला महाग पडणारा पक्षी आहे. आत्याची बाजरी उगवून दोन पाने झाली नाही तोच मोर-लांडोरींनी बांधालगतचे कोंब उपटून खाल्ले. बियाणे उसने आणून तेवढ्या जागेत पुन्हा पेरावे लागले. शेजारचा एक जण येऊन म्हणाला, “दाण्याला औषध चोळून बांधावर टाका. एका रात्रीत काम व्हतंय.” १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मोराला सर्वांत कडक संरक्षण आहे, हे मी सांगू लागले, पण आत्याने मला मध्येच थांबवले. ती त्याला म्हणाली, “आन् माझ्या कोंबड्या रं? त्या काय वाचून दाणा खात्यात व्हय?” विषय तिथेच मिटला. आत्या काही पक्षिमित्र नव्हे. ती दिवसभर ढेकळे मारून मोर हाकलते आणि त्यांना तोंडभर शिव्याही देते.

ऑगस्टात एके दिवशी ती बांधाच्या कडेचे गवत कापत होती. मी दुसऱ्या टोकाला होते. कापता कापता तिचा हात एकदम थांबला. ती दोन पावले मागे सरली, वळसा घालून पलीकडे गेली आणि तिथून पुन्हा कापू लागली. मधे चार हात गवत तसेच उभे राहिले.

“आत्या, ते का ठिवलंस गं?”

“बसलीय तिथं. अंड्यावर.”

“शेळ्यांना पुरंल का मग गवत?”

“पाला खातील चार दिस. तिला आता उठवून कुठं घालू?”

मी त्या गवताजवळ गेले नाही. घरट्याजवळ जायचे नाही, हा या छायाचित्रणातला पहिला नियम. माणसाच्या वाटेने कुत्रे येते, मुंगूस येते, लांडोर घाबरून अंडी टाकते. मी दुसऱ्या बांधावरूनच फोटो घेतला. कापून मोकळा झालेला बांध, मधे कमरेएवढ्या गवताचा एक ठोकळा, आणि डोक्यावर भारा घेऊन घराकडे निघालेली आत्या, पाठमोरी. पक्षी त्यात कुठेच दिसत नाही. पण मोराचा पिसारा कशासाठी असतो, याचे उत्तर त्या चार हात गवतात बसलेले होते.

अंडी उबायला सुमारे अठ्ठावीस दिवस लागतात. तेवढे दिवस ते गवत राहिले. सप्टेंबरात बाजरीत दाणा भरू लागला आणि एका सकाळी लांडोर तीन पिलांना घेऊन तासातून चालत गेली. “घ्या! आता हीच लेकरं आपली कणसं खाणार,” आत्याचे यजमान म्हणाले आणि त्यांनी ढेकूळ उचलून मारले. ते पिलांपासून दहा हात लांब पडले. त्यांचा नेम चांगला आहे, हे मला ठाऊक आहे.

दसऱ्याच्या सुमारास मोरांची पिसे गळून गेली होती. आत्याच्या मुलाने बांधावरून ती गोळा केली. त्यातली दोन देवाच्या तसबिरीमागे खोवली. टोळीचा ट्रक रात्री येऊन लागला, पहाटे निघाला. अंथरुण, पत्र्याची पेटी, स्टोव्ह, पिठाचे डबे, आणि वर माणसे. दोन्ही मुले शाळेसाठी आजीजवळ मागे राहिली. उजाडले तेव्हा आजी ओट्यावर बसली होती, मुले तिच्या दोन बाजूंना, आणि परसाच्या भिंतीवर एक आखूड शेपटीचा पक्षी येऊन बसला होता. निळी मान दिसली नसती तर त्याला कुणीही लांडोरच म्हटले असते. तो माझा तिसरा फोटो.

स्नेहसंमेलनातल्या छायाचित्र-प्रदर्शनात मी हे तीनच फोटो एका ओळीत लावले. खाली मजकूर लिहिला नाही. पुष्कळ जण पहिल्यापाशी थांबले, दुसऱ्याकडे बघून “मोर कुठं आहे?” असे विचारून पुढे गेले. वसतिगृहातली एक मुलगी मात्र तिसऱ्या फोटोसमोर बराच वेळ उभी होती. माझी-तिची ओळख नव्हती. फोटोत ना ट्रक होता, ना कोयता. तिने मला एवढेच विचारले, “कोणत्या कारखान्याला गेली टोळी?”

आता, पूर्ण फुललेल्या पिसाऱ्याचा, समोरून घेतलेला, अगदी कॅलेंडरासारखा एक फोटोही माझ्याजवळ होता. तो प्रदर्शनात का नव्हता, असे मैत्रिणींनी विचारले. निघण्याच्या आदल्या रात्री मी आत्याला सगळे फोटो दाखवले होते. गवताचा फोटो तिने पाहिला आणि बाजूला ठेवला. “ह्ये तर मी रोजच बघते,” ती म्हणाली. मग नाचणाऱ्या मोराचा हातात घेतला. “ह्यो दे मला. जलम इथं गेला, पर नाचताना नीट बघाया कधी सापडला न्हाई. त्या वक्ताला मी रानात वाकलेली आसते.”

तो मोर आता ऊसतोडीच्या फडावर आहे. कोपीच्या आतल्या बाजूला, पाचटाच्या कुडाला अडकवून ठेवलाय, असे परवा ती फोनवर सांगत होती.